घरातल्या सगळ्या गाड्या एका विम्याच्या दावणीला

दारात एक स्विफ्ट, एक बोलेरो, दोन दुचाक्या आणि पत्र्याखाली ट्रॅक्टर. मराठवाड्यातल्या बऱ्याच घरांसमोरचं हे चित्र. पाच गाड्यांचे पाच कागद आणि पाच तारखा. त्यातले दोन कागद कपाटात, एक डिकीत, एक एजंटाकडं झेरॉक्सला गेलेला आणि एक कुठं आहे ते कुणालाच ठाऊक नाही. मग कुणीतरी सुचवतं, "अण्णा, सगळ्या एकाच पॉलिसीत टाकून द्या की."

टाकता येतात, पण सगळ्या नाहीत आणि पूर्णही नाहीत. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, जुलै २०२२ मध्ये कंपन्यांना 'फ्लोटर' देण्याची मुभा दिली. एकाच मालकाच्या खासगी चारचाकी आणि दुचाक्या एका छत्राखाली घ्यायच्या, अशी ती सोय. तिला दोन अटी आहेत. पहिली अट मालक एकच हवा. घर एक असून भागत नाही. दुसरी अट अशी की ही सोय फक्त 'ओन डॅमेज', म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीच्या भागापुरती आहे. थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारा विमा, प्रत्येक गाडीची वेगळीच राहते, कारण ती कायद्याने नंबरागणिक लागते. म्हणून कामाची सुरुवात आरसीपासून करायची, कोटेशन नंतर.

आधी आरसी काढून ओसरीवर मांडा

सगळ्या आरसी समोर ठेवा आणि प्रत्येकीवरचं मालकाचं नाव मोठ्याने वाचा. बहुतेक घरांत घोळ इथंच सापडतो. स्विफ्ट थोरल्याच्या नावावर, बोलेरो वडिलांच्या, स्कूटी सुनेच्या, आणि स्प्लेंडर अजून ज्या माणसाकडून सेकंडहँड घेतली त्याच्याच नावावर. अशा घरात एका फ्लोटरमध्ये एकाहून जास्त गाड्या बसतच नाहीत. नवरा-बायको हेही विम्याच्या भाषेत दोन मालक.

नाव बदलायचं तर तीन वाटा आहेत. जिवंत माणसाकडून घेतली असेल तर फॉर्म २९ आणि ३०. राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचं असतं, उशीर झाला तर दंड भरून होतं. मालक वारले असतील तर फॉर्म ३१. मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवलं, तर तीन महिने गाडी वारसाला वापरता येते, आणि त्या तीन महिन्यांत नाव चढवण्याचा अर्ज द्यायचा. बाकी भावा-बहिणींचं संमतीपत्र लागतं, म्हणून तेराव्याला सगळे जमलेले असतात तेव्हाच सह्या घेऊन ठेवलेल्या बऱ्या. नंतर एक पुण्याला, एक सुरतेला. तिसरी वाट कर्जाची. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेच्या संमतीशिवाय नाव हलत नाही, आणि कर्ज फिटलं असेल तर फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवून घ्यायचा. कर्ज फिटून चार वर्षं झाली तरी बोजा तसाच, हे फार दिसतं. मग गाडी चोरीला गेली की चेक बँकेच्या नावाने निघतो.

वडील वारल्यावर त्यांच्या नावाची पॉलिसी लगेच मरत नाही. मृत्यूपासून तीन महिने किंवा पॉलिसीची मुदत, यातलं जे आधी संपेल तोवर ती चालते. पुढं मात्र वडिलांच्या नावानेच हप्ता भरत राहिलात तर पावती मिळेल, क्लेम अडकेल. वारसाच्या नावावर पॉलिसी घेताना वडिलांचा एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याची सवलत, पत्नीला, मुलांना किंवा आईवडिलांना लावून घेता येते. हे कुणी आपणहून सांगत नाही. मागावं लागतं.

सेकंडहँड गाडीचं अजून एक. गाडी विकली की थर्ड पार्टीचा विमा मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ नुसार नव्या मालकाकडे आपोआप जातो. ओन डॅमेज जात नाही. १४ दिवसांत कंपनीला कळवून तो आपल्या नावावर करून घेतला नाही, तर बाभळीवर आदळलेल्या गाडीचा खर्च तुमचाच.

कोणती गाडी कोणत्या गोठ्यातली

नावं लागली की प्रकार बघा. खासगी चारचाकी, दुचाकी, ट्रॅक्टर, मालवाहू पिकअप, प्रवासी जीप हे सगळे विम्याचे वेगळे वर्ग आहेत. फ्लोटरमध्ये फक्त पहिले दोन येतात. ट्रॅक्टर आणि छोटा हत्ती कितीही 'घरचे' असले तरी त्यांची पॉलिसी वेगळीच राहणार.

खासगी पॉलिसीतली वापराची अट वाचून ठेवा. भाडं घेऊन माणसं नेणं, स्वतःच्या सामानाव्यतिरिक्त माल वाहणं, शर्यत, गाड्यांच्या धंद्यासाठी वापर, हे सगळं बाहेर. पांढऱ्या नंबरप्लेटच्या इकोत परळीच्या यात्रेला सीटवर पैसे घेऊन माणसं भरली आणि वाटेत ठोकली, तर सर्व्हेअर, म्हणजे नुकसानीची पाहणी करणारा माणूस, प्रवाशांचा जबाब घेतो. एकाने जरी "दोनशे रुपये दिले होते" म्हटलं तरी ओन डॅमेज गेला.

ट्रॅक्टरचं जरा थांबून बघू, कारण घरातली सगळ्यांत मोठी जोखीम तीच असते आणि विमा सगळ्यांत किरकोळ त्याचाच असतो. ट्रॉलीची नोंदणी वेगळी, तिला स्वतःचा नंबर, आणि ट्रॅक्टरच्या पॉलिसीत ट्रॉलीचा हप्ता व नंबर लिहून घ्यावा लागतो. दोन ट्रॉल्या ओढत असाल तर दोन्हीचा. शेतकी ट्रॅक्टरची पॉलिसी शेतीच्या कामापुरती असते. ऊस भाड्याने कारखान्यावर वाहायचा असेल, तर तसा वापर लिहूनच पॉलिसी घ्या. ट्रॉलीत बसलेली माणसं, मग ती टोळीची असोत की लग्नाची, पॉलिसीत धरलेली नसतात. अपघात झाला की कोर्ट बऱ्याचदा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतं आणि नंतर ती ट्रॅक्टरमालकाकडून वसूल करायची मुभा देतं. म्हणजे जमिनीवर बोजा. हे टाळायला कुठलाही फ्लोटर उपयोगी नाही.

थर्ड पार्टीत घासाघीस होत नाही

थर्ड पार्टीचे दर सरकार ठरवतं, त्यामुळं सगळ्या कंपन्यांत एकच. १ जून २०२२ पासून लागू झालेले वार्षिक दर असे: खासगी कार १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसी ३,४१६, त्यावर ७,८९७. दुचाकी ७५ सीसीपर्यंत ५३८, ७५ ते १५० सीसी ७१४, १५० ते ३५० सीसी १,३६६, त्यावर २,८०४. यावर १८ टक्के जीएसटी. कारला बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल तर थर्ड पार्टीत ६० रुपये वाढतात, आणि किट आरसीवर व पॉलिसीवर दोन्हीकडे चढलेलं हवं.

वरच्याच घराचा हिशेब करू. स्विफ्ट ११९७ सीसी आणि बोलेरो १४९३ सीसी, दोन्ही ३,४१६ च्या खान्यात. स्प्लेंडर आणि स्कूटी प्रत्येकी ७१४. बेरीज ८,२६०, जीएसटी १,४८६ रुपये ८० पैसे, एकूण ९,७४६ रुपये ८० पैसे. चारही गाड्या एकत्र आणल्या काय आणि चार ठिकाणी केल्या काय, हा आकडा हलत नाही. "चार गाड्या देताय म्हणून थर्ड पार्टीत सूट" असं कुणी म्हटलं तर तिथून उठा.

खोटी पॉलिसी ओळखायचीही ही सोपी खूण आहे. ११० सीसीच्या दुचाकीची थर्ड पार्टी जीएसटीसह ८४२ रुपये ५२ पैशांच्या खाली मिळूच शकत नाही. बसस्टँडसमोर पाचशेत 'पोलिसाला दाखवायला' मिळणारा कागद म्हणजे नुसता कागद. पॉलिसीवरचा क्यूआर कोड स्कॅन करा, आणि थोड्या दिवसांनी एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून विम्याची तारीख चढली का ते बघा. विमा नसताना पकडलं तर कलम १९६ खाली पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी दंड ४,०००. पण दंड ही खरी भीती नव्हे. माणूस दगावला तर भरपाई लाखांत जाते आणि ती घरावर येते.

घासाघीस करायची ती ओन डॅमेजमध्ये. तो दर २००७ पासून कंपन्यांच्या हाती आहे. चारही गाड्यांची यादी एकाच वेळी समोर ठेवून तीन कंपन्यांकडून लेखी कोटेशन मागवा, आणि तुलना करताना प्रत्येकाचा आयडीव्ही सारखा आहे का ते आधी बघा. हप्ता हजाराने कमी दिसतो तेव्हा बहुतेक वेळा आयडीव्ही पन्नास हजाराने खाली ओढलेला असतो. आयडीव्ही म्हणजे गाडी गेलीच तर हाती येणारी जास्तीत जास्त रक्कम. नव्या किमतीतून पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के वजा. पाच वर्षांपुढच्या गाडीचा आयडीव्ही तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता, तिथं गप्प बसू नका.

फ्लोटर घेण्याआधीचे प्रश्न

समजा तीन गाड्या खरंच एकाच नावावर आहेत. तरी फ्लोटर लगेच घेऊ नका. सगळ्या कंपन्या तो देतही नाहीत, आणि देतात त्यांच्या अटी एकसारख्या नाहीत. पुढचे प्रश्न ईमेलवर विचारा. फोनवरचं उत्तर क्लेमच्या दिवशी कुणाला आठवत नाही.

आयडीव्ही गाडीगणिक वेगळा लिहिला जाणार, की सगळ्यांची मिळून एकच रक्कम? एकच असेल तर एकाच रात्री दोन गाड्या गेल्या तर दोन्हींचे पैसे मिळणार का? हा प्रश्न आपल्याकडं पुस्तकी नाही. २०२५ च्या सप्टेंबरात सिंदफणा, मांजरा, तेरणेच्या काठच्या गावांत पाणी शिरलं, तेव्हा एका घरच्या गाड्या एकाच अंगणात उभ्या होत्या. फ्लोटरची कल्पना अशी की एका वेळी एकच गाडी संकटात सापडते. पूर आणि गारपीट असं मानत नाहीत.

दुसरा प्रश्न एनसीबीचा. दुचाकीचा क्लेम केला तर कारची सवलतही जाणार का? 'हो' असं उत्तर आलं तर माझ्या मते तिथंच थांबावं. तीन हजारांच्या दुचाकी क्लेमपायी कारचे पन्नास टक्के घालवणं म्हणजे उंदरासाठी कणगी फोडणं.

तिसरा: मध्येच एक गाडी विकली किंवा नवी घेतली तर काय? नंबर कमी-जास्त करायला एंडोर्समेंट, म्हणजे चालू पॉलिसीत बदलाची नोंद, पुरते, की पूर्ण पॉलिसी रद्द होते? चौथा: बोजा असलेल्या गाडीला बँक ही पॉलिसी चालवून घेईल का? हे बँकेलाही विचारा. पाचवा: झिरो डेप (क्लेममध्ये भागांच्या झिजेची कपात न होणं), इंजिन प्रोटेक्ट ही जास्तीची कवचं सगळ्या गाड्यांना लागतात की एखादीलाच लावता येतात? बारा वर्षांच्या बोलेरोला झिरो डेप बहुधा मिळतच नाही.

या पाचांपैकी दोन उत्तरं जरी गुळमुळीत आली तरी वेगळ्या पॉलिसी घ्या आणि त्या एका कंपनीत, एका एजंटाकडे, एका फाइलीत ठेवा. बऱ्याच घरांना हवं असतं ते एवढंच.

दुसरी कार वर्षाला जेमतेम चार-पाच हजार किलोमीटर पळत असेल, तर तिच्यासाठी 'पे ॲज यू ड्राइव्ह' विचारा. किलोमीटरची मर्यादा ठरवून ओन डॅमेजचा हप्ता कमी होतो. तीही सोय त्याच २०२२ च्या परवानगीतली. शिल्लक पडलेल्या गाडीला फ्लोटरपेक्षा हीच जास्त मानवते.

एनसीबी सांभाळण्याचं गणित

सलग क्लेम न करता गेलेल्या वर्षांना ओन डॅमेजच्या हप्त्यावर २०, २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षापासून ५० टक्के सवलत. ती गाडीची नसते, माणसाची असते. कार विकली तर कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्या. ते तीन वर्षं चालतं, आणि त्यावर नव्या कारला तीच सवलत लागते. पण कारची कारला, दुचाकीची दुचाकीला. स्प्लेंडरचा एनसीबी स्विफ्टला लागत नाही. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की तो गेला. फक्त थर्ड पार्टी भरणाऱ्यांना एनसीबी साठतच नाही. आणि नसलेला एनसीबी फॉर्मवर लिहू नका. कंपनी जुन्या कंपनीकडे विचारते आणि क्लेमच्या वेळी तेच बोट दाखवते.

छोटा क्लेम करावा का, हे कागदावर मांडून बघा. समजा स्विफ्टचा पुढचा बंपर फुटला. बंपर ४,०००, रंग २,०००, मजुरी १,५००, मिळून बिल ७,५००. झिरो डेप नाही. प्लास्टिक, रबर, बॅटरी, टायर यांवर ५० टक्के कापतात, म्हणून बंपरचे २,०००. रंगाच्या बिलातला पाव भाग माल धरून त्यावर निम्मी कपात, म्हणजे १,७५०. मजुरी पूर्ण. बेरीज ५,२५०. त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या कारला सक्तीने कापले जाणारे १,००० गेले. हाती ४,२५०. आता दुसरी बाजू. सवलतीआधीचा ओन डॅमेजचा हप्ता ९,००० असेल आणि पुढच्या वर्षी तुम्ही ५० टक्क्यांवर जाणार असाल, तर एका वर्षातच ४,५०० ची सवलत बुडाली. त्यापुढच्या वर्षी ५० ऐवजी २० टक्के, म्हणजे आणखी २,७०० च्या आसपास. बंपर खिशातून बदला.

एकाच माणसाचा अपघात विमा किती वेळा?

इथं घरं वर्षानुवर्षं जादा पैसे भरतात. मालक-चालकाचा १५ लाखांचा सक्तीचा अपघात विमा हा माणसाला असतो, गाडीला नाही. १ जानेवारी २०१९ पासून तो वेगळाही घेता येतो, आणि एका माणसाच्या नावावर तीन गाड्या असल्या तरी एकदाच पुरतो. प्रत्येक पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये 'पीए ओनर ड्रायव्हर' अशी ओळ शोधा. एकाच नावाच्या दोन पॉलिसींत ती दिसली तर पुढच्या नूतनीकरणाला एक काढायला सांगा. आधीचा पुरावा जोडायचा आणि फॉर्मवर तशी खूण करायची, इतकंच. १५ लाखांचा वेगळा वैयक्तिक अपघात विमा असेल तरी चालतं.

उलटी चूक जास्त महाग. स्कूटी सुनेच्या नावावर असेल तर तिचा स्वतःचा अपघात विमा लागतो, नवऱ्याचा तिला उपयोगी नाही. तिच्याकडं लायसन्स नसेल तर मालक-चालकाचा विमा तिला लागूच होत नाही, मग हप्ता भरलेला असो वा नसो. आणि मुलगा वडिलांची स्प्लेंडर घेऊन गेला, एकटाच घसरून पडला, तर वडिलांच्या या विम्यातून मुलाला काही मिळत नाही, कारण तो मालक नाही. ज्या घरात किल्ली खुंटीला असते आणि कुणीही गाडी काढतं, तिथं चालवणाऱ्या प्रत्येकाचा वेगळा वैयक्तिक अपघात विमा हाच इलाज आहे.

मागे बसणाऱ्याचंही बघा. दुचाकीची नुसती थर्ड पार्टी असेल तर मागच्या सीटवरचा माणूस साधारणपणे त्यात धरला जात नाही. फुल पॉलिसीत, म्हणजे थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज दोन्ही असलेल्या पॉलिसीत, धरला जातो. आजी रोज नातवाच्या मागे बसून दवाखान्यात जात असेल, तर त्या दुचाकीचा फुल विमा काढायला एवढं एक कारण पुरे. कारला पगारी ड्रायव्हर असेल तर ५० रुपयांत त्याची जबाबदारी पॉलिसीत चढते. आणि अठराच्या आतल्या लेकराच्या हाती किल्ली देऊ नका. कलम १९९अ नुसार पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड, शिवाय गाडीची नोंदणी वर्षभर रद्द.

तारखा जुळवाव्यात का?

सगळ्यांची तारीख एक असावी, असं वाटणं साहजिक आहे. पण जुळवण्यासाठी चालू पॉलिसी मोडू नका. ओन डॅमेज मध्येच रद्द करता येतो, क्लेम नसेल तर उरलेल्या दिवसांचे पैसेही परत मिळतात. पण अर्ध्या वर्षाचा एनसीबी मोजत नाहीत, त्या वर्षाची पायरी जाते. थर्ड पार्टी तर हौस म्हणून रद्द होतच नाही. गाडी मोडीत काढली, विकली, किंवा दुहेरी विमा झाला तरच.

त्यापेक्षा एक जाड पुठ्ठा घ्या. त्यावर गाडीचा नंबर, मालक, ओन डॅमेज संपायची तारीख, थर्ड पार्टी संपायची तारीख, अपघात विमा कुणाच्या पॉलिसीत, एनसीबी किती, बोजा आहे का, एवढे रकाने ओढा आणि कॅलेंडरमागे टांगा. दोन तारखांचे दोन रकाने मुद्दाम. सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांची आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांची थर्ड पार्टी शोरूममध्येच घ्यावी लागते, पण ओन डॅमेज बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. "तीन वर्षांचा इन्शुरन्स आहे" म्हणून माणूस निवांत राहतो आणि दुसऱ्या वर्षी गारपिटीत काच फुटली की कळतं, फुल कधीच संपला. अशा वेळी फक्त ओन डॅमेजची वेगळी पॉलिसी मिळते, थर्ड पार्टी पुन्हा घ्यायची नाही.

ओन डॅमेज एक दिवस जरी तुटला तरी कंपनी सहसा गाडीची तपासणी मागते. म्हणून संपण्याआधी आठ दिवस पैसे भरा. सोयाबीनची पट्टी यायची वाट बघत बसलात तर तारीख थांबत नाही.

फॉर्म आणि पॉलिसी हाती आल्यावर

फॉर्म एजंटाला भरू द्या, पण आरसी समोर धरून तुम्ही तपासा. नावाचं स्पेलिंग आरसीप्रमाणे. चेसिस नंबर एकेक अक्षर बोटाने, कारण इंग्रजी ओ आणि शून्य, आय आणि एक यांची अदलाबदल इथंच होते. इंधन, सीसी, बनावटीचा महिना, सीटची संख्या. बोजा असेल तर बँकेचं नाव, नसेल तर तो रकाना रिकामा. मोबाइल नंबर घरातल्याच माणसाचा टाका, एजंटाचा नको. नाहीतर नूतनीकरणाचे निरोप आणि क्लेमचे ओटीपी त्याच्याकडं जातात. पैसे कंपनीच्या नावाने भरा, चेक परतला तर विमा सुरूच झालेला नसतो.

फ्लोटर घेतला असेल तर शेड्यूलमध्ये प्रत्येक नंबर वेगळ्या ओळीत दिसतो का, आणि प्रत्येक गाडीचं थर्ड पार्टीचं प्रमाणपत्र वेगळं मिळालं का, हे त्याच दिवशी बघा. प्रत्येक गाडीतल्या माणसाच्या फोनवर त्या गाडीचं प्रमाणपत्र पीडीएफमध्ये असू द्या. चूक सापडली तर दुरुस्तीची एंडोर्समेंट लगेच मागा. अपघातानंतर केलेल्या दुरुस्तीकडं सर्व्हेअर वाकड्या नजरेनं बघतो.

क्लेमची वेळ आली तर

एकाच घटनेत दोन गाड्या सापडल्या तर दोन क्लेम नोंदवा, दोन नंबर घ्या, दोन फाइली करा. कपातही दोनदा होईल. कळवताना कुठली गाडी, कोण चालवत होतं, त्याचं लायसन्स, किती वाजता, हे खरं तेच सांगा. "थोरल्याच्या नावावर सांग, त्याचं लायसन्स आहे" ही युक्ती दवाखान्याच्या कागदावरून उघडी पडते.

पाण्यात बुडालेली गाडी चालू करू नका. चावी फिरवली की सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन प्रोटेक्ट नसेल तर कंपनी ते तुमच्या हातून झालेलं नुकसान म्हणून बाजूला काढते. ढकलून गिअरमध्ये टाकून चालू करणंही तेच. बॅटरीची वायर काढा, पाणी कुठवर चढलं होतं त्या चिखलाच्या रेषेसकट फोटो घ्या, आणि ट्रकवर चढवून गॅरेजला न्या. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी 'टोटल लॉस' धरतात. जुन्या गाडीचा आयडीव्ही हप्ता वाचवायला खाली घेतला असेल, तर ही रेषा फार लवकर येते.

चोरीला गेली तर आधी एफआयआर, त्याच दिवशी कंपनीला आणि आरटीओला कळवणं, मग दोन्ही किल्ल्या. एकत्र कुटुंबात दुसरी किल्ली कुणाच्या तरी माहेरी किंवा जुन्या शर्टाच्या खिशात असते. आजच शोधून, नंबराची चिठ्ठी बांधून पुठ्ठ्याच्या मागे टांगा. पोलिसांचा 'ए समरी', म्हणजे चोरी खरी पण तपास लागला नाही असा, अहवाल आल्याशिवाय पैसे सुटत नाहीत, त्याला महिने लागतात.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा, कुठल्या अटीवर बोट ठेवलंय त्या अटीसकट. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडं अर्ज, मग 'बिमा भरोसा' पोर्टल किंवा १५५२५५ हा क्रमांक. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. मराठवाड्यासाठी तो पुण्याला बसतो. तिथं फी नाही, वकील लागत नाही, आणि कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. अर्जाला जोडायला तेच पाच प्रश्नांचं ईमेल हाताशी असू द्या.